घर घेऊन घाट उतरताना

डॅलसच्या एका कुटुंबाचा प्रश्न आहे. नवरा-बायको, अकरा आणि सहा वर्षांची दोन मुलं आणि जूनमध्ये पुण्याहून येणारे आई-बाबा. जुलैत दहा दिवस हाताशी आहेत. डेन्व्हरला ३१ फुटी क्लास सी मोटरहोम (चाकांवरचं घर) भाड्याने घ्यायची, रॉकी माउंटन, ग्रँड टेटन, यलोस्टोन आणि ग्लेशियर ही चार राष्ट्रीय उद्यानं बघायची आणि गाडी सॉल्ट लेक सिटीला सोडून विमान पकडायचं, असा बेत आहे. मोटरहोम आधी कधी चालवलेली नाही. जमेल का, घाटांची भीती बाळगावी का आणि आई-बाबांना झेपेल का, असं त्यांनी विचारलंय.

जमेल. भीती थोडी बाळगाच. आणि आई-बाबांना तुमच्यापेक्षा जास्त आवडेल. फक्त हा नकाशा मोडावा लागेल.

मी सॉल्ट लेकच्या उत्तरेला राहतो. पहिली मोटरहोम २०१२ मध्ये भाड्याने घेतली होती. २०१७ मध्ये स्वतःची २५ फुटी घेतली आणि आम्ही वापरत नसू तेव्हा ती भाड्याने देतो. लोक निघताना काय विचारतात आणि परत येताना काय मोडून आणतात, दोन्ही आता पाठ झालंय. निघताना सगळे वायफायबद्दल विचारतात. उताराबद्दल क्वचितच कोणी.

तर आधी उताराबद्दलच.

क्लास सी म्हणजे बहुतेक वेळा फोर्डच्या ई-३५० किंवा ई-४५० या मालवाहू व्हॅनच्या सांगाड्यावर बांधलेलं घर. ३१ फुटी गाडी पाणी, सामान, माणसं धरून साडेसहा टनांपर्यंत भरते. कारच्या साध्या लायसन्सवर ती चालवता येते, म्हणून लोकांना वाटतं गाडीही कारसारखीच असणार. चढावर तिचा फारसा त्रास नसतो. उंचीवर हवा विरळ होते आणि टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटांना साधारण तीन टक्के ताकद गमावतं, म्हणजे आठ-नऊ हजार फुटांवर चौथा हिस्सा गेलाच. गाडी ताशी पस्तीस-चाळीस मैलांच्या वेगाने ओरडत चढते. ओरडू द्या. उजव्या लेनमध्ये ट्रकवाल्यांच्या मागे लागा, रांग साचली तर जागा बघून बाजूला व्हा, एवढंच.

उतरताना मात्र ते साडेसहा टन तुम्हाला ढकलत असतात. २०१२ मध्ये आम्ही आयडाहो फॉल्सकडून जॅक्सनला चाललो होतो. फोनमधल्या नकाशाने जवळचा रस्ता म्हणून टेटन पासवर नेलं. ८,४३१ फुटांची खिंड, आणि पलीकडे विल्सन गावाकडे दहा टक्क्यांचा उतार. दहा टक्के म्हणजे शंभर फूट पुढे गेलात की दहा फूट खाली. मी कारसारखा ब्रेकवर पाय ठेवून उतरत होतो. निम्म्यात जळक्या क्लचसारखा वास आला. मला वाटलं पुढच्या ट्रकचा. मग पेडल जरा खोल गेलं, नंतर आणखी खोल, आणि गाडीचा वेग काही कमी होईना. रस्त्याकडेला एक रुंद मोकळी जागा दिसली तिथे कशीबशी उभी केली. पुढच्या चाकांतून निळसर धूर येत होता. बायको मुलाला घेऊन खाली उतरली आणि रस्त्यापासून लांब जाऊन उभी राहिली. माझ्याशी बोलली नाही. पाऊण तास आम्ही तसेच थांबलो.

दुसऱ्या दिवशी मामाला फोन केला. आमचे मामा एसटीत ड्रायव्हर, उभी हयात कोल्हापूर-देवगड, रोजचा फोंडा घाट. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "गिअर कुठला होता?"

"मामा, ऑटोमॅटिक आहे."

"मग ऑटोमॅटिकला गिअर नसतात काय रे?"

असतात. स्टिअरिंगजवळच्या दांड्याच्या टोकाला 'टो-हॉल' लिहिलेलं एक बटण असतं. गाडी ताब्यात घेताना कुणी दाखवलं नाही तर विचारून घ्या. ते दाबलं की ब्रेकला पाय लावल्यावर गाडी आपणहून खालच्या गिअरमध्ये उतरते आणि इंजिनच तिला धरून ठेवतं. त्याशिवाय दांडा ओढून दुसरा गिअर लावता येतो. इंजिनचा आवाज चार-साडेचार हजार फेऱ्यांवर जाईल, आतले सगळे दचकतील. त्यात काही बिघडत नाही. एसटीवाले सांगतात ना, ज्या गिअरने चढलास त्याच गिअरने उतर. इथेही तेच. वेग माथ्यावरच कमी करायचा, उतार लागल्यावर नाही. मग गाडी चाळिसावर गेली की एकदा नीट दाबून तीसवर आणायची आणि पाय काढून घ्यायचा. ब्रेकला थंड व्हायला वेळ मिळतो. पाय सतत टेकवून ठेवायचा नाही, हलकासुद्धा नाही. बाजूला वाळू-खडीने भरलेले चढे पट्टे दिसतील, 'रनअवे ट्रक रॅम्प' अशी पाटी असते. ते शोभेसाठी नसतात, आणि ते फक्त ट्रकसाठीच असतात असंही नाही.

हे एकदा अंगवळणी पडलं की सहा-सात टक्क्यांचे उतार सहज जमतात आणि इथले मोठे हमरस्ते त्याच मापाचे आहेत. तरी पहिल्या सहलीत काही रस्ते टाळाच. टेटन पास पहिला. आयडाहो फॉल्सहून जॅक्सनला जायचं तर स्वॉन व्हॅलीतून यूएस २६ या हमरस्त्यावरून अल्पाइनला उतरा आणि स्नेक नदीच्या घळीतून वर या. थोडं लांब पडतं, पण रस्ता नदीच्या कडेने आहे. (याच टेटन पासचा एक तुकडा जून २०२४ मध्ये दरडीबरोबर खाली गेला होता. तीन आठवड्यांत बाजूने रस्ता काढला, पण डोंगर काय चीज आहे ते कळलं.) वायोमिंगच्या बिगहॉर्न डोंगरात यूएस १४ए हा रस्ता लोव्हेलच्या बाजूला दहा टक्के उतरतो. तिथल्या तीन रस्त्यांपैकी टेन स्लीपवरून जाणारा यूएस १६ आपल्यासाठी. कोलोरॅडोतला ऊरे ते सिल्व्हरटन हा यूएस ५५० सुंदर आहे, पण दरीच्या बाजूला कठडे नाहीत. तो कारने बघा.

आता तुमचा नकाशा. ग्लेशियर काढून टाका. वाईट वाटेल, पण कारण ऐका. त्या उद्यानाचा प्राण म्हणजे १९३३ मध्ये खुला झालेला गोइंग-टू-द-सन रोड, आणि त्यावर अव्हलांच ते रायझिंग सन या टप्प्यात आरशांसकट आठ फुटांहून रुंद किंवा २१ फुटांहून लांब वाहनाला बंदी आहे. म्हणजे तुमची ३१ फुटीही नाही आणि माझी २५ फुटीही नाही. घर पायथ्याशी लावायचं आणि शटल किंवा १९३० च्या दशकातल्या त्या उघड्या टपाच्या लाल बसने वर जायचं. त्यासाठी ग्लेशियरला स्वतंत्र पाच दिवस हवेत. शिवाय वेस्ट यलोस्टोनहून तिथे जायला चारशे मैल. मोटरहोममध्ये चारशे मैल म्हणजे सगळा दिवस. नकाशातला वेळ दाखवेल साडेसहा तास. त्याची सव्वापट करा, वर पेट्रोल, जेवण, सहा माणसांचं आटोपणं मिळवा. इथल्या जुन्या आरव्हीवाल्यांचा (अशा फिरत्या घरांना इथे आरव्ही म्हणतात) एक हिशोब आहे: दिवसाला तीनशे मैलांच्या वर नाही, दुपारी तीनच्या आत मुक्कामाला, आणि एका ठिकाणी तीन रात्री. आई-बाबा आणि सहा वर्षांचं मूल बरोबर असेल तर तीनशेचे दोनशे करा.

डेन्व्हरही सोडा. तिथून टेटनपर्यंत पोचण्यात दोन दिवस जातात आणि त्यातला मोठा भाग वायोमिंगचा आय-८० हमरस्ता, जिथे लॅरमी ते रॉलिन्स वारा आडवा मारतो. मोटरहोम म्हणजे चाकांवरचं खोकं; वारा तिला लेनमधून सरकवतो आणि नवीन माणसाचे खांदे संध्याकाळपर्यंत दगड होतात. रॉकी माउंटनचा ट्रेल रिज रोड १२,१८३ फुटांवर जातो. तो मला अतिशय प्रिय आहे, पण पुण्याहून आलेल्या सत्तरीच्या माणसांना विमानातून उतरल्यावर तिसऱ्या दिवशी बारा हजारांवर न्यायचं नसतं.

सॉल्ट लेक सिटीत गाडी घ्या आणि तिथेच परत करा. एका गावात घेऊन दुसऱ्या गावात सोडण्याचे जादा पैसेही वाचतील. पहिल्या दिवशी गाडी हातात येईपर्यंत दुपारचे दोन-तीन वाजतात. किराणा भरून ब्रिगॅम सिटी, लोगन करत लोगन कॅन्यनमधून बेअर लेकला जा, साधारण सव्वाशे मैल. घळ वळणांची आहे पण चढ मवाळ आहे, हात बसवायला उत्तम. माथ्यावरून एकदम खाली तो निळा तलाव दिसतो, तिथे सगळ्यांचे फोन बाहेर येतात. गार्डन सिटीत रासबेरीचं मिल्कशेक मिळतं, ते चुकवू नका. दुसऱ्या दिवशी माँटपेलियर, स्टार व्हॅली, अल्पाइन, स्नेक नदीची घळ आणि जॅक्सन. वाटेत ॲफ्टन गावात रस्त्यावर एल्क हरणाच्या शिंगांची भलीमोठी कमान आहे, मुलांना तिच्याखालून जायला मजा येते. मग ग्रँड टेटनमध्ये कोल्टर बे आरव्ही पार्कला तीन रात्री. वीज, पाणी, सांडपाणी तिन्हीची जोडणी आहे आणि जॅक्सन लेक चालत्या अंतरावर. पाचव्या दिवशी उत्तरेला यलोस्टोन, चार रात्री. शेवटी वेस्ट यलोस्टोन, आयलँड पार्क, आयडाहो फॉल्स करत आय-१५ ने खाली. लाव्हा हॉट स्प्रिंग्जला एक मुक्काम. गरम पाण्याची कुंडं आहेत, बाबांचे गुडघे तुम्हाला दुवा देतील. सगळं मिळून नऊशे ते हजार मैल होतात. गॅलनला आठ मैल धरा, म्हणजे सव्वाशे गॅलन पेट्रोल. आणि पंपावर ८५ ऑक्टेन लिहिलेलं सगळ्यात स्वस्त पेट्रोल दिसेल, या डोंगराळ राज्यांतच मिळतं ते. त्याच्या मोहात पडू नका, ८७ भरा.

यलोस्टोनमध्ये कुठे राहावं? विजेची जोडणी असलेलं तिथलं एकच ठिकाण, फिशिंग ब्रिज आरव्ही पार्क. तंबूला किंवा कापडी भिंतींच्या गाडीला तिथे प्रवेश नाही, फक्त पक्क्या भिंतींची वाहनं, कारण तो ग्रिझली अस्वलांचा वावर असलेला भाग आहे. (नावात फिशिंग असलं तरी पुलावरून मासेमारी १९७३ पासून बंद आहे.) जागा नसेल तर मॅडिसन किंवा ग्रँट व्हिलेज, तिथे जोडणी नाही पण झाडी छान. ही तिन्ही कंत्राटदार चालवतात, आरक्षण वर्षभर आधी सुटतं आणि जुलै लगेच भरतो. म्हणून नाउमेद होऊ नका. लोक बेत बदलतात, रद्द झालेल्या जागा परत यादीत येतात. रोज सकाळी चहाबरोबर पाच मिनिटं साइट उघडायची सवय लावा. माझ्या निम्म्या जागा अशाच मिळाल्या आहेत.

गाडीची लांबी. ३१ फूट घेऊ नका. मला माहीत आहे, सहा माणसं आहेत. पण ३१ फुटी गाडीला मागच्या चाकांच्या मागे दहा फूट शेपूट असतं. डावीकडे वळलात की ते शेपूट उजवीकडे झाडू मारतं. पेट्रोलपंपावरून निघताना चालक पुढे बघत असतो आणि मागचा कोपरा पिवळ्या खांबाला घासतो. माझ्या गाडीला झालेल्या नुकसानीत हा प्रकार पहिल्या क्रमांकावर, दुसऱ्यावर छत्री. गाडीच्या बाजूला गुंडाळलेली ती कापडी छत्री सावलीसाठी उघडतात, फिरायला जातात, दुपारी तीनला वारा सुटतो आणि छत्री टपावर उलटी पडलेली असते. तिसऱ्यावर पायरी, बाहेर काढलेली तशीच ठेवून निघतात.

माझा सल्ला: २५ फुटी मोटरहोम आणि बरोबर एक साधी भाड्याची कार. खर्च वाढेल, पण मोठी आणि छोटी मोटरहोम यांच्या भाड्यातला फरक त्यात बराचसा वळता होतो. २५ फुटीत केबिनवरच्या माळ्यावर मुलं झोपतात (ती जागा त्यांच्यात भांडणाचा विषय होणार), मागच्या पलंगावर आई-बाबा, आणि जेवणाचं टेबल पाडून तुम्ही दोघं. कमरेला लागतं, खोटं सांगत नाही. कारचा फायदा असा, की घर तीन दिवस हलवायचं नाही. दर सकाळी पाणी-वीज-नळी सोडवून, भांडी कोंबून, साडेसहा टन घेऊन ओल्ड फेथफुल या गरम पाण्याच्या कारंज्यापाशी जागा शोधत फिरणं म्हणजे शिक्षा आहे. टेटनमधला मूस-विल्सन रोड आणि सिग्नल माउंटनचा रस्ता मोटरहोमला बंदच आहेत, दोन्ही कारने होतात. यलोस्टोनमध्ये ग्रँड प्रिझमॅटिक या रंगीत गरम कुंडाजवळचा वाहनतळ लहान आहे, दहानंतर तिथे कारलाही थांबावं लागतं. आठला जा किंवा पाचनंतर. प्रवासात आई-बाबा कारमध्ये बसतील, मोटरहोममधल्या बाकड्यावर आडवे बसून घळीतली वळणं घेण्यापेक्षा त्यांना ते सोसेल. सहा वर्षांच्या मुलाची बूस्टर सीटही कारमध्येच ठेवा. मोटरहोममधली आडवी आणि उलट्या तोंडाची आसनं मुलांच्या सीटसाठी नसतात.

आता टाक्या. त्याबद्दल लोकांना बोलायला लाज वाटते आणि शेवटी त्याचाच घोळ होतो. स्वच्छ पाण्याची एक टाकी, न्हाणी-सिंकच्या पाण्याची ग्रे, संडासाची ब्लॅक. माझ्या गाडीत स्वच्छ पाणी ४० गॅलन आणि बाकीच्या दोन तीस-तीसच्या आसपास. मुक्कामी नळी जोडली तरी ब्लॅकची झडप बंदच ठेवायची. उघडी ठेवली की पाणी वाहून जातं आणि बाकीचं मागे साचून वाळतं. मग जे होतं ते मी दोनदा निस्तरलं आहे, एकदा दुसऱ्याच्या गाडीचं. टाकी दोन-तृतीयांश भरली की हातमोजे घाला, आधी ब्लॅक सोडा, ती रिकामी झाली की ग्रे, म्हणजे साबणाच्या पाण्याने नळी धुऊन निघते. आपल्या लोकांचा इथे एक फायदा आहे. आई-बाबा कागदापेक्षा पाणी वापरणार, आणि ब्लॅक टाकीला पाणीच हवं असतं. एक तांब्या ठेवा, संकोच करू नका; फक्त टाकी लवकर भरेल हे लक्षात असू द्या. गरम पाण्याची टाकी सहा गॅलनची, म्हणजे बादलीभर. बादली-लोट्याने अंघोळ करणाऱ्यांना ते पुरतं. अकरा वर्षांच्या मुलीला शॉवरखाली उभं राहून गाणी म्हणायची असतील तर तिला कँपग्राउंडच्या न्हाणीघरात पाठवा.

वीज बहुतेक ३० अँपिअरची, म्हणजे ३,६०० वॉट. एसी चालू असताना मायक्रोवेव्ह आणि इलेक्ट्रिक किटली एकदम लावली की खटका पडतो. एसीची गरज फक्त सॉल्ट लेकला लागेल. यलोस्टोन लेकचा काठ ७,७३३ फुटांवर आहे, जुलैत पहाटे चार-पाच अंश सेल्सियस हे नेहमीचंच. तिथे हीटर लागतो, तो प्रोपेन गॅसवर चालतो पण त्याचा पंखा बॅटरीवर, म्हणून जोडणी नसलेल्या मुक्कामी दिवे जपून वापरा. आई-बाबांसाठी स्वेटर, कानटोपी आणि खरं ब्लँकेट न्या. भाड्याबरोबर मिळणारी दुलई म्हणजे नावाला.

स्वयंपाकाबद्दल विचारलं नव्हतं, तरी सांगतो, कारण आई येणार म्हणजे स्वयंपाक होणारच. त्या उंचीवर पाणी ९२-९३ अंशांना उकळतं. उघड्या पातेल्यात तूरडाळ तासभर उकळलीत तरी दाणा दाताखाली येतो. भात वरून मऊ, आत कणी. चहाही फिका लागतो, तो दोन मिनिटं जास्त उकळा. तीन लिटरचा प्रेशर कुकर घरून आणा, आरव्हीत तो मिळत नाही. आणि नेहमीपेक्षा एक-दोन शिट्ट्या जास्त घ्या. फोडणी देताना छतातला पंखा चालू आणि खिडकी उघडी. मोहरी तडतडली, मिरची पडली की धुराची घंटा अख्ख्या कँपग्राउंडला ऐकू जाते, विशेषतः सकाळी सातला, कांदेपोह्यांच्या वेळी. तवा-कढई धुण्याआधी कागदाने पुसा, तेल ग्रे टाकीत गेलं की वास आठ दिवस सोबत करतो. चितळ्यांच्या बाकरवडीची पाकिटं उंचीवर फुग्यासारखी फुगतात, घाबरू नका. आणि निघण्याआधी फ्रिजच्या दाराची खिट्टी दोनदा बघा. एका कुटुंबाने माझ्या गाडीत पहिल्याच उजव्या वळणावर आंब्याच्या लोणच्याची बरणी सांडली. तीन वर्षं झाली, पावसाळी हवेत अजून वास येतो. मला आवडतो तो, पण पुढच्या गिऱ्हाइकांना सांगावं काय?

खाणं बाहेर ठेवू नका. टेबलावर विसरलेली चटणीची वाटीसुद्धा नाही. अस्वलांपासून, लांडग्यांपासून आणि कूगर या मोठ्या रानमांजरापासून शंभर यार्ड, बाकी सगळ्या जनावरांपासून पंचवीस यार्ड हा नियम आहे, आणि गवे (म्हणजे इथले बायसन) त्यात येतात. गवा म्हशीसारखा शांत दिसतो, म्हणून आपली माणसं हमखास जवळ जातात. जुलैअखेरीस त्यांचा माजाचा काळ सुरू होतो. यलोस्टोनच्या हेडन व्हॅलीत ते रस्त्यावरच उभे राहतात. इंजिन बंद करा, काचा वर घ्या, बाबांना बघू द्या. अस्वलांसाठीचा मिरचीचा फवारा विमानात नेता येत नाही, तो जॅक्सनला घ्या.

आई-बाबांना झेपण्याचं म्हणाल तर सॉल्ट लेक चार हजार फुटांच्या जरा वर, बेअर लेक सहा हजारांच्या आसपास, कोल्टर बे त्याहून थोडं उंच, मग यलोस्टोन. म्हणजे हा बेत पायरीपायरीने चढतो. पहिले दोन दिवस पाणी भरपूर, चालणं कमी. रक्तदाबाची, हृदयाची औषधं असतील तर निघण्याआधी त्यांच्या डॉक्टरांना उंचीचे आकडे सांगा. सगळ्यात अवघड गोष्ट वेगळीच आहे: रात्री संडासला उठणं. मागच्या पलंगाला अनेक गाड्यांमध्ये एकाच बाजूने चढता येतं, आतल्या बाजूच्या माणसाला दुसऱ्याला ओलांडावं लागतं. गाडी ठरवताना फोटोत पलंगाच्या दोन्ही बाजूंना वाट आहे का ते बघा आणि वाटेवर एक छोटा रात्रीचा दिवा लावा.

त्यांच्या प्रवेशशुल्काचाही विचार करा. २०२६ पासून सगळ्या राष्ट्रीय उद्यानांचा वार्षिक पास अमेरिकेत राहणाऱ्यांना ८० डॉलरला आणि बाहेरून येणाऱ्यांना २५० डॉलरला आहे. शिवाय यलोस्टोन आणि टेटन धरून अकरा उद्यानांत पास नसलेल्या परदेशी पाहुण्यांना माणशी १०० डॉलर जादा लावले आहेत. गाडीत पासधारक कोण आणि त्याच्याबरोबर कोण चालतं, हे पार्क सेवेच्या संकेतस्थळावर निघण्याआधी वाचून घ्या आणि सगळ्यांची ओळखपत्रं पुढच्या कप्प्यात ठेवा. दोन गाड्या असतील तर पासही दोन लागू शकतात, तेही बघा.

गाडी ताब्यात घेताना घाई करू नका. पहिल्या वर्षी ज्यांच्याकडून मी घेतली, त्यांनी वीस मिनिटांत चावी हातात ठेवली आणि मीही खुशीत निघालो. टो-हॉलचं बटण त्या वीस मिनिटांत बसलं नाही. किमान तास घ्या. सगळी गाडी आतून-बाहेरून, टपासकट, व्हिडिओत टिपा. टायरवर शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. सहा-सात वर्षांहून जुना टायर असेल तर नक्षी कितीही छान दिसो, बदलून मागा. उंची कागदावर लिहून स्टिअरिंगसमोर चिकटवा, बारा फुटांच्या आसपास असेल. बर्गरच्या खिडकीकडे वळताना तो कागद दिसला पाहिजे. विमा स्वतंत्र घ्या. माझ्याकडे आलेल्यांपैकी बऱ्याच जणांच्या कारच्या पॉलिसीत आणि क्रेडिट कार्डात मोटरहोम बसत नव्हती, आणि त्यांना ते खांब घासल्यावर कळलं. मैल किती मोफत, जनरेटरचे तास कसे मोजणार, हे लेखी घ्या.

नंतर एखाद्या मोठ्या दुकानाच्या रिकाम्या पार्किंगमध्ये अर्धा तास घालवा. एकाने मागे उभं राहायचं, दुसऱ्याने रिव्हर्स घ्यायची. मागे उभ्या राहिलेल्या माणसाने चालकाच्या आरशात दिसेल असंच उभं राहायचं. आरशात तो दिसेनासा झाला की लगेच थांबायचं, मग त्याने कितीही "येऊ दे, येऊ दे" म्हटलं तरी. आमच्याकडे हे काम बायको करते. टेटन पासनंतर तिने एकच अट घातली होती, की थांब म्हटलं की थांबायचं, का ते नंतर विचारायचं.

परतीच्या दिवशी टाक्या रिकाम्या करून, पेट्रोल आणि प्रोपेन भरून द्यावं लागतं. सॉल्ट लेकच्या आसपास आय-१५ लगत टाक्या सोडायची सोय असलेले पंप आहेत, पण रविवारी दुपारी तिथे रांग असते. लाव्हा हॉट स्प्रिंग्जच्या मुक्कामीच सकाळी सोडून निघा. आणि आदल्या रात्री फोडणीचं काही करू नका. पडद्यांना वास धरतो आणि साफसफाईचे पैसे लावतात. मीही लावतो, लोणच्याचे सोडून.